खुराड्याची कडी

शुक्रवारी संध्याकाळची बोट पकडून मांडव्याला उतरलं, की आमचा वीकेंड सुरू! मुक्काम नागावला, काकूकडे. तिथे माझ्याकडे काम एकच : दिवेलागणीला खुराड्याची कडी लावायची. गेल्या खेपेला नेमका बॉसचा फोन आला आणि राहूनच गेलं. सकाळी बघतो तर काकूची लाडकी तलंग गायब, दारात नुसती पिसं.

'बिबट्या?' मी विचारलं.

'बिबट्या कसला! रानमांजर नाहीतर उदमांजर. मुंगूस दिवसाचं येतं.'

शेजारचे फासा लावायला निघाले. काकूने अडवलं. एक तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा. शिवाय हीच मंडळी वाडीतले उंदीरही मारतात. 'त्यांचं काय चुकलं? कोंबडीला अंधारात दिसत नाही, आणि तुला उजेडात!'

गप्प बसलो. मग दिवसभर राबून जुनी पातळ जाळी काढली, जाड वेल्डमेश ठोकली. खालून उकरू नये म्हणून ती वीतभर जमिनीत पुरली. दाराला दोन कड्या.

आता दिवेलागणीला माझा फोन लागत नाही. बॉसलाही सांगून ठेवलंय : कोंबड्या मोजतोय!