दोन रंगांचा उजेड आणि दहा तासांचा दिवस

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात असलेल्या बोरीसारख्या गावात, जिथे वर्षाचे बरेच महिने रोपांवरचे ऊन अडवण्यासाठी शेडनेट ताणावे लागते, तिथे रोपांसाठी घरच्या घरी एलईडी दिवा बांधणे हे नदीकाठी पाणी विकत घेण्यासारखे वाटण्याचा संभव आहे. तरीही पिवळसर आणि पांढरे असे दोन प्रकारचे दिवे एकत्र जोडून रोपांना उजेड देण्याची पद्धत रोपवाटिका चालकांत, बीजोत्पादकांत आणि कृषी पदवीधरांत कुतूहलाचा विषय झाली आहे, आणि या कुतूहलाभोवती काही गैरसमजही साचले आहेत. मिश्र रंगाचा दिवा ही वाढीची जादूची कृती आहे, हा त्यांपैकी सर्वांत मोठा गैरसमज होय. अशा दिव्याचा खरा उपयोग कोणता आणि तो सोयाबीनच्या या पट्ट्यात कुठे बसतो, याची मांडणी करणे हा या संपादकीयाचा हेतू आहे.

बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या एलईडी दिव्याच्या पोटात वस्तुतः निळा दिवा असतो. सुमारे ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश देणाऱ्या चकतीवर पिवळसर स्फुरक लेप दिलेला असतो. त्या लेपातून काही निळा प्रकाश तसाच पार होतो आणि उरलेला हिरव्या, पिवळ्या व तांबड्या प्रकाशात बदलतो. लेपाची जाडी आणि त्यातील द्रव्ये यांवर दिव्याचा रंग ठरतो, आणि तो रंग ‘वर्णतापमान’ या संज्ञेने केल्विन या एककात सांगितला जातो. ही संज्ञा उजेडाचा रंग तापवलेल्या धातूसारख्या वस्तूच्या रंगाशी ताडून पाहते. वस्तू जितकी अधिक तापते तितकी ती तांबड्याकडून निळसर पांढऱ्याकडे जाते. म्हणून ३००० केल्विनचा ‘वॉर्म व्हाइट’ दिवा पिवळसर आणि ६५०० केल्विनचा ‘कूल डेलाइट’ दिवा निळसर दिसतो, म्हणजेच आकडा वाढला की उजेड डोळ्याला थंड भासतो. हा आकडा दिव्याच्या उष्णतेचा नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वनस्पतीच्या दृष्टीने या आकड्यातील महत्त्वाची बाब म्हणजे निळ्या प्रकाशाचा वाटा. अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठात कोप आणि बगबी या संशोधकांनी २०१३ मध्ये मुळा, सोयाबीन आणि गहू ही पिके तीन प्रकारच्या पांढऱ्या दिव्यांखाली वाढवली, तेव्हा पिवळसर दिव्यात निळ्याचा वाटा ११ टक्के, मधल्या दिव्यात १९ टक्के आणि निळसर दिव्यात २८ टक्के होता. निळा प्रकाश पानांतील विशिष्ट ग्राहक द्रव्यांना जाणवतो आणि खोडाची लांबण आटोक्यात ठेवतो. त्यामुळे निळसर दिव्याखाली रोप बुटके व गच्च राहते, तर पिवळसर दिव्याखाली पाने पसरतात आणि खोड लांबते. हिरवा व पिवळा प्रकाश वनस्पतीच्या कामाचा नाही, ही जुनी समजूत १९७० च्या दशकाच्या आरंभी मॅक्री यांच्या मोजणीनेच सैल केली होती; ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील जवळजवळ सर्व रंग प्रकाशसंश्लेषणाला हातभार लावतात. केवळ तांबड्या-निळ्या चकत्यांच्या जांभळ्या दिव्याखाली पानाचा पिवळेपणा किंवा करप्याचा डाग नजरेला पटकन येत नाही, ही अडचणही पांढऱ्या दिव्यात राहत नाही.

येथे मिश्रणाचे साधे गणित मांडता येते. ११ आणि २८ टक्क्यांचे दिवे समसमान लावले, तर निळ्याचा वाटा साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तो मधल्या, सुमारे ४००० केल्विनच्या एकाच प्रकारच्या दिव्यात आयताच मिळतो. म्हणजे निम्मे-निम्मे मिश्रण करून हाती येते ते मधलेच पांढरे. शिवाय दिवे आलटून पालटून न लावता एका बाजूला पिवळसर व दुसऱ्या बाजूला निळसर असे लावले, तर एकाच ट्रेच्या दोन टोकांना दोन प्रकारची रोपे तयार होतात. मिश्रणाचे महत्त्व आहे ते प्रमाण बदलता येण्यात. उगवणीनंतर रोपे लांबू लागली तर पिवळसर दिवे काढून त्या जागी निळसर बसवावेत, पानांचा पसारा हवा असेल तेव्हा उलट करावे. हा बदल दिवे विझवून करू नये, कारण अर्धे दिवे बंद केले की रंगाबरोबर उजेडही निम्मा होतो. साध्या पिनच्या होल्डरमधील दिवाच बदलणे हा स्वस्त आणि अचूक मार्ग आहे.

रंगाच्या आधी मात्र उजेडाची मात्रा येते, आणि घरगुती दिव्यांचा बहुतेक फसवा अनुभव मात्रेच्या चुकीतून येतो. माणसाच्या डोळ्यासाठीचा उजेड ल्युमेन आणि लक्समध्ये मोजतात. वनस्पतीसाठी प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद किती प्रकाशकण पडतात ते मोजतात, आणि त्याचे एकक मायक्रोमोल आहे. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत सुमारे ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल, असे ढोबळ रूपांतर चालते, त्यामुळे साध्या लक्समापकानेही काम भागते. ९०० ल्युमेन देणारा ९ वॅटचा दिवा या हिशेबाने सेकंदाला सुमारे १३ मायक्रोमोल देतो. दोन प्रो-ट्रे, म्हणजे साधारण ०.३ चौरस मीटर जागा, सहा दिव्यांखाली ठेवली आणि दोन तृतीयांश प्रकाश ट्रेवर पोहोचला असे धरले, तर १७० मायक्रोमोलच्या आसपास मात्रा मिळते. १६ तासांत ती १० मोल होते, आणि ५४ वॅटच्या या मांडणीला दिवसाला ०.८६ युनिट वीज लागते. भोवतालच्या भिंतींना पांढरा चुना दिला तर वाया जाणारा बराच प्रकाश परत फिरतो. भाजीपाल्याच्या कोवळ्या रोपांना एवढी मात्रा पुरेशी आहे. परंतु उन्हाळ्यातील मोकळ्या आकाशाखाली दिवसाला ४० मोलांहून अधिक प्रकाश मिळतो आणि ५० टक्के शेडनेटखालीही २० मोल फुकट पडतात, हे पाहता टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठी बोरीत दिवे लावणे, ढगाळ पंधरवड्याचा अपवाद वगळता, हिशेबात बसत नाही.

मग दिव्याची जागा कोणती? ती प्रकाशावधीत, म्हणजे वनस्पतीला दिवसाचे किती तास उजेड आणि किती तास अंधार मिळतो त्यात आहे. गार्नर आणि अॅलार्ड यांनी १९२० मध्ये प्रकाशावधीचा सिद्धान्त मांडला, तेव्हा तंबाखूबरोबर सोयाबीन हेच त्यांचे प्रमुख उदाहरण होते. सोयाबीन हे लघुदिनी पीक आहे. रात्र पुरेशी लांबली की त्याला फुले येतात, आणि रात्रीच्या मध्यात थोडा वेळ उजेड पडला तरी ती रात्र त्याच्या लेखी तुटते. रस्त्याकडेच्या दिव्याखालचे सोयाबीन शेजारच्या ओळींपेक्षा अधिक काळ हिरवे राहू शकते, त्यामागचे कारण हेच. ‘अधिक तास उजेड म्हणजे अधिक वाढ’ या समजुतीने सोयाबीनला १६ तास दिवा दिला, तर झाड वाढत राहते आणि फुलोरा लांबत जातो.

जर्मनीतील होहेनहाइम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये याच गुणाचा उपयोग करून दाखवला. दहा तास उजेड, त्यात निळ्याचा वाटा अधिक आणि दृश्य तांबड्यापलीकडील दूर-तांबड्या प्रकाशाला फाटा, अशा एलईडी योजनेखाली सोयाबीनला २३ दिवसांत फुले आली, ७७ दिवसांत बी पक्व झाले आणि वर्षाला पाच पिढ्यांपर्यंत मजल मारणे शक्य झाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ आणि एमएयूएस-६१२ यांसारखे वाण ज्या प्रदेशाला दिले, तिथे या निष्कर्षाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. संकरानंतर गुणधर्म स्थिर होण्यासाठी अनेक पिढ्या स्वपरागीभवनाने पुढे न्याव्या लागतात. खरीप आणि उन्हाळी असे दोन हंगाम वापरूनही त्यात कित्येक वर्षे जातात. प्रत्येक झाडाचे एखादे-दुसरे बी पुढच्या पिढीला पुरत असल्याने झाड बुटके राहिले आणि शेंगा मोजक्याच लागल्या तरी काम अडत नाही. निळसर घरगुती एलईडीत दूर-तांबडा प्रकाश मुळातच अत्यल्प असतो, आणि निळा भरपूर असतो. म्हणजे दिवा बांधताना हवे असलेले दोन्ही गुण बाजारातल्या दिव्यात आधीच आहेत. या कामी मिश्रणाचा काटा निळसर बाजूकडे झुकवावा लागेल.

याची किंमतही स्पष्ट असली पाहिजे. सोयाबीनसाठी ५०० मायक्रोमोलच्या जवळपास मात्रा धरली, तर त्याच ०.३ चौरस मीटरवर १८ दिवे, म्हणजे १६२ वॅट लागतात. दहा तासांच्या हिशेबाने ७७ दिवसांत सुमारे १२५ युनिट वीज खर्च होते. ही सर्व वीज शेवटी उष्णताच होते, त्यामुळे पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या महिन्यांत बंद खोलीत हा प्रयोग करू नये. घरबांधणीच्या दिव्यात आणखी दोन धोके असतात. पहिला विजेचा: अधिक उजेडासाठी दिव्याचे पांढरे टोपण काढण्याची पद्धत दिसते, परंतु स्वस्त दिव्यांच्या आतील मंडलात मुख्य विजेपासून विलगीकरण नसते, त्यामुळे उघड्या चकत्यांना हात लागल्यास झटका बसतो, फवारणीची ओल आणि कोकोपीटमधले पाणी जवळ असताना तो जिवावर बेतू शकतो. टोपण तसेच ठेवावे, अर्थिंग असावे, आणि जोडणीवर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-सुरक्षा स्विच अवश्य बसवावा. दुसरा धोका टायमरचा: चक्रीचा टायमर वीज गेल्यावर थांबतो आणि वीज आल्यावर तेवढ्याच तासांनी मागे राहतो, त्यामुळे दोन-तीन भारनियमनांनंतर दिवे रात्री लागू लागतात आणि लघुदिनी पिकाची रात्र नकळत तुटते. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग असला तरी येथे त्याला पर्याय नाही.

व्यावसायिकांकडून या मासिकाची अपेक्षा मर्यादित, पण नेमकी आहे. दिव्याचा गाजावाजा न करता एक खोली, दोन ट्रे आणि एक वही एवढ्यावर सुरुवात करावी. ट्रेच्या चारही कोपऱ्यांतील लक्स, दिव्यांचे केल्विन आणि संख्या, उजेडाचे तास, खोलीचे तापमान आणि पहिल्या फुलाची तारीख यांची नोंद ठेवावी. आणि त्याच दिवशी त्याच वाणाचे बी बाहेर उघड्यावर पेरून दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात. अशा नोंदी पाच-दहा ठिकाणांहून आल्या, तर कोणत्या वाणाला निळसर दिवे किती प्रमाणात हवेत याचे उत्तर परक्या प्रयोगशाळेकडे मागण्याची गरज उरणार नाही. बोरीच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, आणि पहाट व तिन्हीसांजेचा संधिप्रकाश धरला तर झाडाच्या लेखी तोही आणखी लांबतो. दहा तासांचा दिवस तिथला सूर्य कोणत्याही महिन्यात देत नाही. तो बांधावाच लागतो, आणि त्यासाठी दिव्यांइतकीच चांगल्या अंधाराची सोय करावी लागते.