एक शेवट कमी पडला

'द रिटर्न ऑफ द किंग'चा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतंच, "सिनेमा भारी आहे रे, पण संपता संपत नाही!" मग दुसरा म्हणतो, "सहा शेवट आहेत त्याला." तिसरा म्हणतो, "सहा कसले, आठ!" आणि सगळे हसतात. २००३ साली सिनेमा आला तेव्हापासून हा विनोद चालू आहे. वीस वर्षं उलटून गेली तरी तो काही रिटायर होत नाही.

आज मला या विनोदाचा समाचार घ्यायचा आहे. माझं म्हणणं साधं आहे. या सिनेमाला शेवट जास्त नाहीत, उलट एक कमी आहे. आणि तो एक गाळल्यामुळेच बाकीचे जास्त वाटतात. (ज्यांनी अजून सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं. वीस वर्षांत पाहिला नाही म्हणजे.. असो.)

आधी फिर्यादीची बाजू ऐकू. अंगठी ज्वालामुखीत पडते, सॉरॉनचा मनोरा कोसळतो, फ्रोडो आणि सॅम लाव्ह्याच्या मधोमध एका खडकावर पडून राहतात आणि पडदा काळा होतो. मी पहिल्यांदा थिएटरात पाहिला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले चौघं इथेच उठले. मग गरुड येतात. मग पडदा पांढरा होतो. फ्रोडोला जाग येते, एकेक मित्र दारातून आत येतो. मग अ‍ॅरागॉर्नचा राज्याभिषेक. मग शायर, तिथला पब, सॅमचं लग्न, फ्रोडोचं पुस्तक, बंदर, जहाज आणि शेवटी सॅमच्या घराचं दार. वीसेक मिनिटं हे चालतं. पुढचे चौघं तीनदा उठले आणि तीनदा बसले.

यात दिग्दर्शकाची चूक आहे, मान्य. पडदा काळा करणं म्हणजे प्रेक्षकाला 'पायातली चप्पल शोधा' असा इशारा देणं. तो इशारा देऊन पुन्हा गोष्ट सुरू केली तर माणूस वैतागणारच. पण ही चूक मांडणीची आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर बग यूआयमध्ये आहे, लॉजिकमध्ये नाही.

लॉजिक काय आहे ते बघा. तीन सिनेमे चालत चालत फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि ऐनवेळी म्हणतो की अंगठी माझी आहे, मी टाकणार नाही. म्हणजे हीरो चक्क नापास होतो! काम होतं ते गॉलममुळे. पुस्तकात गॉलम अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता तोल जाऊन पडतो. पीटर जॅक्सनने आधी फ्रोडो त्याला ढकलतो असं शूट केलं होतं. ते फ्रोडोने केलेल्या खुनासारखं दिसायला लागलं, म्हणून नंतर बदलून झटापट दाखवली. काळ्या दरवाजापाशी अ‍ॅरागॉर्न आणि सॉरॉनची समोरासमोर मारामारीसुद्धा शूट झाली होती. तीही काढली आणि सॉरॉनच्या जागी कॉम्प्युटरवर तयार केलेला ट्रोल घातला. म्हणजे हीरोने व्हिलनला लोळवण्याची ही गोष्ट नाही हे या मंडळींना पक्कं कळत होतं. दोन मोठे बग त्यांनी रिलीजच्या आधी पकडले. तिसरा मात्र डिझाईनमध्येच होता.

टॉल्किनचा हा तिसरा खंड १९५५ साली आला. त्याच्या उत्तरार्धात नऊ प्रकरणं आहेत आणि अंगठी नष्ट होते तिसऱ्या प्रकरणात. पुढची सहा काय पानं भरायला लिहिली? टॉल्किन १९१६ साली सोमच्या लढाईत होता. खंदकातला ताप घेऊन घरी परतला. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या जवळच्या मित्रांपैकी एकच उरला होता. असा माणूस 'शत्रू हरला, चला घरी' एवढ्यावर गोष्ट संपवेल कशी?

आपल्याला तर हे नवीन असायलाच नको. महाभारताची पर्वं अठरा. कत्तल संपते दहाव्या, सौप्तिक पर्वात. पुढे आठ पर्वं उरतातच की! बायका रणांगणावर आपापली माणसं शोधतात, युधिष्ठिराला राज्य नकोसं होतं, यादव आपापसात मारामारी करून संपतात, अर्जुनाला गांडीव पेलवत नाही, आणि शेवटी पाचही भाऊ द्रौपदीसकट सगळं सोडून चालू लागतात. दुर्योधन पडला तिथेच पडदा पाडायचा होतात, असं व्यासांना कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता तो गाळलेला शेवट. पुस्तकातलं शेवटून दुसरं प्रकरण. चौघे हॉबिट घरी परततात तर शायरच्या पुलावर फाटक लागलेलं. पब बंद. भिंतीवर नियमांच्या याद्या. झाडं तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी नदी घाण करणारी नवी गिरणी. ज्या झाडाखाली बिल्बोचा वाढदिवस झाला होता तेसुद्धा आडवं पडलेलं. या सगळ्याची सुरुवात कोणी परक्याने केलेली नाही. फ्रोडोच्याच भावकीतल्या लोथोने जमिनी, गिरण्या, खानावळी विकत घेत घेत ती केली, आणि कितीतरी हॉबिट निमूटपणे त्याचे शिपाई झाले. सारुमान नंतर येऊन त्याच्या डोक्यावर बसला. मग मेरी आणि पिपिन गाव उठवतात, लढाई होते, एकोणीस हॉबिट मरतात. फ्रोडो तलवार उपसत नाही. शरण आलेल्यांना मारू नका एवढंच सांगत फिरतो. सारुमान त्याच्यावर सुरा चालवतो, तरी त्याला सोडून द्या म्हणतो. आणि पुढे गावात मान कोणाला? मेरी आणि पिपिनला. ज्याने जग वाचवलं त्याला त्याच्याच गावात फारसं कोणी विचारत नाही, आणि याचं सॅमला वाईट वाटतं.

सिनेमात यातलं काहीच नाही. शूटच केलं नाही. तिन्ही सिनेमे ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० एकत्रच शूट झाले, तेव्हा ही काही एडिटिंगच्या टेबलावर झालेली काटछाट नव्हे. पहिल्या सिनेमात गॅलाड्रिएलच्या आरशात फ्रोडोला जळणारं शायर दिसतं, तेवढीच काय ती खूण उरली. कोडमध्ये डिक्लेअर केलेलं आणि पुढे कधीच न वापरलेलं व्हेरिएबल! सारुमानही असाच लटकला. त्याचा मृत्यू शायरमध्ये व्हायचा, शायरचा भागच नाही, मग त्याचं करायचं काय? थिएटरात दाखवलेल्या सिनेमातून तो सरळ गायबच झाला. ख्रिस्तोफर ली चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं.

जॅक्सनच्या बाजूचा युक्तिवाद मला ठाऊक आहे. नऊ तास अंगठीच्या मागे पळवलेल्या प्रेक्षकाला अंगठी संपल्यावर आणखी एक लढाई कशी दाखवणार? आणि वेळ कुठून आणणार? वेळेचं तर बोलूच नका. थिएटरातला सिनेमा २०१ मिनिटांचा होता, २००४ साली आलेली एक्स्टेंडेड आवृत्ती २५० मिनिटांच्या वर गेली. त्यात लेगोलस आणि गिम्लीची दारू पिण्याची शर्यत आहे. कवट्यांचा धबधबा आहे, आणि त्यातला एक शॉट तर ऑस्कर मिळून गेल्यावर शूट केला. कवट्यांना वेळ होता, शायरला नव्हता. प्रेक्षक कंटाळेल हा मुद्दा खरा, पण ती तर पटकथा लिहिणाऱ्यांची कसोटी होती. सुटका म्हणून तो मुद्दा चालणार नाही.

परिणाम काय झाला? सिनेमातलं शायर जसंच्या तसं राहिलं. हिरवंगार, डेस्कटॉपच्या वॉलपेपरसारखं. मग फ्रोडो ते सोडून का जातो? खांद्याची जखम चार वर्षांनीही भरली नाही असं तो म्हणतो, पण ते ऐकायला मिळतं, दिसत नाही. म्हणून बंदरावरचा निरोप लोकांना उगाच ताणलेला वाटतो, आणि आपला विनोदवीर बोटांवर शेवट मोजायला लागतो.

एक सीन मात्र जॅक्सनने स्वतःच्या डोक्याने घातला आणि तो अस्सल आहे. चौघे पबमध्ये बसलेत. आजूबाजूला गलका. कोणी ढुंकून बघत नाही. चौघे एकमेकांकडे बघतात आणि काही न बोलता पेले उचलतात. बस्स. गाळलेल्या प्रकरणाचा अर्क या मिनिटभरात उतरलाय. हे ज्याला जमलं त्याला पुढचंही जमलं असतं, म्हणून तर जास्त राग येतो.

२९ फेब्रुवारी २००४ ला या सिनेमाला ११ नामांकनांपैकी ११ ऑस्कर मिळाले. 'बेनहर' आणि 'टायटॅनिक'ची बरोबरी झाली. जगभरात शंभर कोटी डॉलर्सच्या वर धंदा झाला. आनंद आहे. पण ११ पैकी ११ म्हणजे बग शून्य, असं आमच्या धंद्यात तरी कोणी मानत नाही.

आणि धंद्याचंच बोलायचं तर, आपण सगळे याच रोगाचे पेशंट आहोत. रिलीजच्या रात्री पिझ्झा, केक, फोटो. त्यानंतर जो महिनोन्‌महिने रात्रीचे फोन उचलतो त्याचा फोटो कुठेच नसतो. आपण शिकायला, नोकरीला घर सोडतो आणि गृहीत धरतो की गाव आहे तिथेच, आहे तसंच थांबलंय. एका सुट्टीत परत जातो तर नदीकाठची झाडं गेलेली असतात, आणि ती तोडणारा आपल्याच वर्गातला, आपल्याच आडनावाचा निघतो. टॉल्किनचं ते प्रकरण नेमकं आपल्यासाठी होतं. जिंकून आल्यावर खरं काम घरी असतं, आणि त्या कामाला टाळ्या नसतात.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी "आठ शेवट" म्हणून हसला की त्याला विचारा, नववा कुठाय? आणि सिनेमा परत लावलात तर सॅम घरात जाऊन दार लागेपर्यंत उठू नका.