सिलिंडरलाही कोतची शिस्त हवी

कोतमधली रायफल मोजून बाहेर निघते आणि मोजून परत येते. सही, साखळी, कुलूप, पहारा. यात कोणालाही अतिरेक वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच की, मेस, वर्कशॉप आणि एमआय रूममधल्या गॅस सिलिंडरलाही हीच शिस्त लागू व्हावी.

सिलिंडर रोज दिसतो, म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोचा दाब असतो. तो कोसळून व्हॉल्व्ह तुटला, तर ते जड नळकांडे रॉकेटसारखे सुटते. म्हणून तो उभा, साखळीने बांधलेला आणि वापरात नसताना टोपी लावलेला हवा. त्याच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लागता कामा नये. वेल्डिंगचा मरून रंगाचा ॲसिटिलीन सिलिंडर त्याच्यापासून लांब आणि कायम उभाच ठेवायचा. आत वायू ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो. मेसचा १९ किलोचा एलपीजी गळला, तर हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, गटारात साचतो. तळघर किंवा जिन्याखालची खोली ही त्याची जागा नव्हे. आणि ‘रिकामा’ सिलिंडर पूर्ण रिकामा कधीच नसतो. त्याचाही व्हॉल्व्ह बंद हवा, जागा वेगळी हवी.

कोणी म्हणेल, हे कॅडेटचे काम नाही, त्यासाठी नियम आहेत. आहेतच. २०१६ चे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण ट्रकमधून सिलिंडर उतरवायला नागपूरहून कोणी येत नाही. ते काम मेसमधले भैया करतात, आणि ट्रॉली नसेल तर सिलिंडर पायाने लोटत नेतात. जेवण आपले, धोका त्यांचा. हे मला पटत नाही.

मागणी मोठी नाही. एक ट्रॉली, पुरेशा साखळ्या, ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ अशा दोन पाट्या, आणि ड्यूटी कॅडेटच्या संध्याकाळच्या फेरीत या जागेची नोंद.

पालकांनीही घरचा सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरचे अक्षर पाहावे. ए ते डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. ‘बी २७’ म्हणजे चाचणीची मुदत जून २०२७ पर्यंत. मुदत उलटली असेल, तर सिलिंडर दारातूनच परत पाठवा.