मूल गप्प आहे, 'ढ' नाही!

मेळघाटातलं कोरकू मूल पहिलीत येतं, तेव्हा बऱ्याचदा त्याच्या घरात मराठी बोलतच नाहीत. कोरकू मुंडा कुळातली भाषा. मराठीचं कूळच वेगळं. मूल गप्प बसतं आणि आपण 'अप्रगत' लिहून मोकळे होतो! शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २९ म्हणतं, शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवा. सगळ्यांना एकच पुस्तक दिलं, की झाली का समानता? शिक्षक, अंगणवाडीताई, नर्स, आपण सगळी मदतीसाठीच नेमलेली माणसं. मग आधी आपणच त्याचे वीस-पंचवीस शब्द शिकूया. पाणी, भूक, दुखतंय, घरी जायचंय. मराठी तर शिकवायचीच आहे. पण पहिलं पाऊल मोठ्यांनी टाकायचं असतं.