आमच्या मुलामुलींच्या हाती रायफल?

धर्मग्रामातील एखाद्या मुलीने बॅडमिंटनची रॅकेट हाती घेतली तर आम्ही तिचे कौतुक करतो. गिटार घेतली तर तिला गायनवृंदात बसवतो. परंतु तिने नेमबाजी शिकण्याची इच्छा बोलून दाखवली की घरोघरी एकच सूर उमटतो : ‘आपल्या माणसांनी ही हत्यारे कशाला हाताळायची?’ छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या ख्रिस्ती कुटुंबांत हा सूर इतक्या वेळा कानी पडला आहे की त्याला एकदा जाहीर उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या आक्षेपामागची भावना आम्ही जाणतो. वैजापूर-गंगापूरकडच्या खेड्यांतून शहरात आलेल्या आमच्या कुटुंबांच्या आठवणीत बंदूक आहे ती दुसऱ्याच्या खांद्यावरची. ती वाड्याच्या भिंतीवर टांगलेली होती, निजामी अमलातील शिपायाच्या हाती होती, १९४८ च्या पोलीस कारवाईपूर्वी रझाकारांच्या हाती होती. आमच्या आजोबांना ती हाताळायला कधी मिळाली नाही. तिच्यापुढे हात जोडून उभे राहावे मात्र लागले. अशा माणसाला बंदुकीचा तिटकारा वाटला तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु नातवंडे जेव्हा तोच तिटकारा विचार न करता पुढे चालवतात, आणि त्याला गेथसेमनीच्या बागेचा दाखला जोडतात, तेव्हा मात्र बोलावे लागते. प्रभूने पेत्राला तलवार म्यान करायला सांगितली, हे खरेच. पण पेत्राने ती उगारली होती माणसावर. मल्ख नावाच्या दासाचा उजवा कान तुटला होता. दहा मीटरवर टांगलेल्या कागदाला कान नसतो.

त्या कागदाकडे जरा नीट पाहू. दहा मीटर एअर रायफल या प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा. रायफलीचे वजन साडेपाच किलोपर्यंत. नेमबाजाने उभे राहून पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे सोडायचे. प्रत्येकाला जास्तीत जास्त १०.९ गुण. नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी छर्रा देतच नाहीत. आधी उभे राहणे, मग रायफल नुसती धरून ठेवणे, मग श्वास अर्धा सोडून थांबणे, मग रिकाम्या रायफलीचा चाप न हलता दाबणे; याला मुले ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात, आणि ती आठवडेच्या आठवडे चालते. मिस्सेत श्रद्धाप्रकटन संपेपर्यंत ज्या चिरंजीवांचे पाय एका जागी ठरत नाहीत, त्यांनी तासभर असे उभे राहून दाखवावे. ज्यांना या खेळात हिंसा दिसते त्यांनी एकदा रेंजवर जाऊन बसावे. अर्ध्या तासात त्यांना बहुधा जांभई येईल. (नव्या करारातील पाप या अर्थाच्या ग्रीक शब्दाचे मूळ ‘नेम चुकणे’ हे आहे, असे आपण प्रवचनांतून शंभरदा ऐकले आहे. नेम धरणे म्हणजे काय, हे पाहायला मात्र आपल्यापैकी फारसे कोणी गेलेले नाही.)

येथे तरुण वाचक आम्हांस अडवतील, हे आम्ही जाणून आहोत. त्यांना ही जांभईची नेमबाजी नको असते. मोबाइलवर त्यांनी पाहिलेली असते ती ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ : कमरेचे पिस्तूल काढून धावत, वळत, आडोशाआडून कागदी आणि पोलादी लक्ष्ये टिपत जायचे, आणि घड्याळ चालूच. हा खेळही खरा आहे. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतील मिझुरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झाली. तिचे बोधवाक्य लॅटिन आहे, ‘दिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरितास’. म्हणजे अचूकता, जोर आणि वेग. लॅटिन मिस्सा ऐकलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना ते ऐकून गंमत वाटेल. या खेळाचा उगम लढाईच्या शिक्षणात आहे, हे आम्ही लपवत नाही. परंतु मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, असा तेथला हिशेब असल्याने नुसत्या धडाकेबाजपणाला तेथे किंमत नाही. लक्ष्यांमध्ये काही ‘मारू नये’ अशी लक्ष्ये मुद्दाम लावलेली असतात. त्यांना गोळी लागली की दहा गुण वजा. पिस्तूल हातातून पडले, जागा बदलताना बोट चापापाशी गेले, किंवा नळीचे तोंड ठरलेल्या मर्यादेबाहेर वळले, की खेळाडू त्या स्पर्धेतून तत्काळ बाद. तेथे विनवणी चालत नाही. लष्करी छापाचे कपडे घालून येण्यालाही तेथे उत्तेजन नाही. चित्रपटातील नायक अशा स्पर्धेत अर्धे मिनिट टिकणार नाही.

तेव्हा या खेळाला आमचा विरोध नाही. मात्र त्याचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आपल्या देशाचा कायदा वाचावा. जगभर या खेळात सर्रास वापरले जाणारे ९ मिलिमीटरचे काडतूस आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. एकविसाव्या वर्षापूर्वी शस्त्र परवाना मिळत नाही. याबद्दल कुरकुर करणारी मंडळी आम्हांस भेटतात. आम्हांस तो कायदा योग्यच वाटतो. शाळकरी मुलाला मोकळे असलेले दार एअर रायफलीचे आणि एअर पिस्तुलाचे आहे. ४.५ मिलिमीटर व्यासाची, मर्यादित शक्तीची एअर रायफल २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणून ती खेळणे ठरत नाही. छर्ऱ्याची बंदूक घेऊन माळावर होले आणि खारी टिपत हिंडणाऱ्या पोराला नेमबाज म्हणणे हा खेळाचा अपमान आहे. असे पोर आपल्या घरात असेल तर बंदूक कुलपात घालावी.

दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही आमचा वाद आहे. अमेरिकेतील काही बंदूकप्रेमी कॅथलिकांनी संत गाब्रिएल पोसेंती यांना पिस्तूलधाऱ्यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित करावे, अशी चळवळ चालवली. १८६२ साली ऐन तारुण्यात क्षयाने वारलेला आणि १९२० साली संतपदाला पोहोचलेला हा संन्यासी! त्यांची कथा अशी की, गावात शिरलेल्या दांडग्या सैनिकांसमोर त्याने पळत्या सरड्यावर अचूक गोळी झाडली आणि त्यांना पिटाळून लावले. या कथेला भक्कम आधार नाही, असे चरित्राचे अभ्यासक सांगतात. एखादे हत्यार प्रिय आहे म्हणून त्याला संत चिकटवायचा, हा व्यवहार आम्हांस किळसवाणा वाटतो. आम्ही ज्या खेळाची बाजू घेतो त्याला संताची गरज नाही; चांगला प्रशिक्षक आणि कडक नियमावली पुरे.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून कितीतरी बोलके आहे. भारताची राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास सोसलेले हे मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून पुढे राष्ट्रीय पातळीवर गेलेल्या नेमबाजांच्या पिढ्या आहेत. अहिंसेच्या सत्याग्रहीला रायफल संघटनेचे अध्यक्षपद स्वीकारताना संकोच वाटला नाही, तर आम्हांला तो कशाचा? आमच्याच कित्येक शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्र सेनेचे वर्ग चालतात. तेथे मुलगी जमिनीवर पालथी पडून .२२ रायफल चालवते, तेव्हा गणवेशातील तिचे छायाचित्र दिवाणखान्यात लागते. गणवेश उतरला की तीच रायफल हत्यार कशी होते, हे कोडे आक्षेप घेणाऱ्यांनीच उलगडावे. आणि नाताळला आठ वर्षांच्या बाळाला प्लास्टिकची मशीनगन आणून देणारे काका-मामा, संध्याकाळभर मोबाइलवर माणसे मारणाऱ्या खेळात बुडालेला त्यांचा थोरला, यांच्याबद्दल घरात चकार शब्द निघत नाही!

छात्रसेनेतूनच अंजली भागवत नेमबाजीत आल्या आणि २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ते हेच. मध्ये बहात्तर वर्षे गेली. कुसाळे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे, शिक्षकाचे चिरंजीव, पदक मिळाले तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होते. ही संस्थानिकांची मिरास राहिलेली नाही. कोल्हापूरला जे जमले ते मराठवाड्याला का जमू नये, हा प्रश्न आम्ही सरकारला पुढे कधी विचारू. आज तो आमच्या धर्मग्रामांना विचारत आहोत.

खरी अडचण पैशाची आहे, हिंसेची नव्हे. आणि ती झाकण्यासाठीच हिंसेची भाषा सोयीची पडते, अशी आमची शंका आहे. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल लाखांच्या घरात जाते. जाड जॅकेट, बूट, छर्रे वेगळे. वाळूजच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या बापाने हे आणायचे कोठून? शालेय क्रीडा स्पर्धांत रायफल शूटिंग आहे, पुढे परीक्षेत सवलतीचे गुण आहेत, असे कळले की पालकांचे कान टवकारतात. किंमत ऐकली की त्यांना पेत्राची तलवार आठवते. पण नवशिक्याला स्वतःची रायफल लागतच नाही. दोन साध्या रायफलींवर दहा मुले आळीपाळीने वर्षभर शिकू शकतात. वर्गणी काढून सभागृहाला संगमरवर लावणाऱ्या धर्मग्रामाला दोन रायफली जड नाहीत.

त्या सभागृहांविषयीच शेवटी लिहितो. लग्नाचे आणि सणांचे दिवस सोडले तर ती बहुतेक बंद असतात. एकाची लांबी मोजून पाहा. नेमबाजाच्या पायापासून लक्ष्यापर्यंत दहा मीटर, मागे उभे राहायला आणि पुढे छर्रे अडवायला जागा धरून पंधरा मीटर पुरतात. लक्ष्याचा मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर, त्यावर चांगला उजेड, पाठीमागे छर्रा अडकून राहील अशी पोलादी पेटी आणि त्यामागे भक्कम भिंत. त्या बाजूचे दार सरावाच्या वेळी आतून बंद, खिडक्या बंद. नेमबाज उभे असतील त्या रेषेपुढे, आज्ञा मिळेपर्यंत, कोणीही जायचे नाही; मग ते फादर का असेनात. न वापरत्या रायफलीच्या नळीतून रंगीत सेफ्टी फ्लॅग आरपार दिसलाच पाहिजे. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की मुलांनी साबणाने हात धुऊनच डब्याला हात लावायचा. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवावे. शिकवणारा मात्र अनुभवी आणि प्रशिक्षितच हवा. ‘मिलिटरीत होतो’ एवढ्यावर कोणाला नेमू नये. रायफलींच्या कपाटाला दोन कुलपे असावीत आणि किल्ल्या दोघांकडे. त्यांपैकी एक फादरांकडे असावी की एखाद्या आईकडे, यावर पॅरिश कौन्सिलने हवा तेवढा वाद घालावा. आमचे मत आईकडे.