अंश आणि छेद

आमच्या शिराळ्यास आषाढांत पाऊस लागला म्हणजे मोरणेचें पाणी गढूळ होतें, अंगणांत शेवाळ धरतें, आणि सायकलवर फिरावयास निघणाऱ्या तरुणांची पंचाईत होते. पाऊस सरून थंडी पडते न पडते तोंच उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवितात. म्हणून माझ्या पुतण्याच्या मुलानें गेल्या वर्षीं कोठीच्या खोलींत एक यंत्र आणून बसविलें, मागचें चाक काढून सायकल त्यास जोडली, समोर पडदा ठेविला, आणि खोलींतल्या खोलींत तो परदेशांतील डोंगर चढूं लागला. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची आजी, पहिल्या दिवशीं दाराशीं उभ्या राहून बराच वेळ पाहत होत्या. "एवढा घामाघूम झाला, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाहीं!" एवढेंच त्या म्हणाल्या.

मलाहि तो प्रथम पोरखेळच वाटला. पण चौकशी केल्यावर मत बदलावें लागलें. जून २०२० मध्यें लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनीं पुण्यांत, खोलींतल्या सायकलीवरच, अमेरिका आडवी ओलांडण्याची आभासी शर्यत पुरी केली. बारा दिवसांत चार हजारांहून अधिक किलोमीटर, आणि क्रमांक तिसरा. त्याच वर्षीं डिसेंबरांत सायकल-क्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संघानें 'झ्विफ्ट' ह्या मंचावर अशा शर्यतीचें पहिलें जागतिक अजिंक्यपद ठेविलें. पुरुषांत तें जर्मनीच्या जेसन ऑस्बोर्न यानें मिळविलें. हा गृहस्थ मूळचा वल्हे मारणारा, आणि तेंहि हलक्या वजनाच्या गटांतला, जेथें ७२॥ किलोंच्या वर एकाहि खेळाडूस नावेंत पाय ठेवूं देत नाहींत. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी; पुढें तिचें काम आहे.

ह्या खेळांतील सारें मर्म एका भागाकारांत आहे. पायांची शक्ति वॅटमध्यें मोजतात. दिव्याच्या गोळ्यावर लिहिलेला असतो तोच हा वॅट. आमचा मुलगा तासभर २१६ वॅट टिकवीत असे, म्हणजे जुन्या पद्धतीचे शंभराचे दोन गोळे तो पायांनीं पेटता ठेवूं शकला असता. त्याचें वजन ७२ किलो. २१६ स ७२ नें भागिलें असतां ३ येतात. शक्ति हा अंश, देह हा छेद. जितका भागाकार मोठा, तितका स्वार चढावर चपळ. शर्यतींतील वर्गहि पुष्कळ ठिकाणीं ह्यावरूनच पाडीत आले आहेत. दर किलोस ४ वॅट किंवा अधिक असेल तो पहिल्या वर्गांत, ३.२ पासून दुसऱ्यांत, २.५ पासून तिसऱ्यांत. पूर्वींच्या निकालांवरून गुण देऊन वर्ग पाडण्याची पद्धत २०२४ पासून आली आहे, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते. कां, तें सांगतों.

मीं जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी त्रैराशिक विसरलों नाहीं. समजा, एक स्वार ६० किलोंचा व १८० वॅटांचा, दुसरा ८० किलोंचा व २४० वॅटांचा. दोघांचा भागाकार ३ च. तेव्हां दोघे बरोबरीचे, असें कोणीहि म्हणेल. पण सपाटीवर मुख्य शत्रु वारा. देह मोठा असला तर वारा थोडा अधिक अडवितो खरा. परंतु वजन एक तृतीयांशानें वाढलें म्हणून छाती कांहीं एक तृतीयांशानें रुंद होत नाहीं. माझ्या मोघम हिशेबाप्रमाणें सपाटीवर जड स्वार ताशीं दोन किलोमीटर तरी पुढें राहतो. बरें, चढावर हलका त्यास गांठील म्हणावें, तर तेथेंहि नाहीं. कारण आठ किलोंची सायकल दोघांसहि ओढावी लागते, आणि तिचें ओझें हलक्यास अधिक जाणवतें. म्हणजे एकाच वर्गांत घातलेल्या हलक्या स्वाराची सर्व बाजूंनीं कुचंबणा. केवळ भागाकारानें जोड लागत नाहीं. आमच्याकडील कुस्तीच्या मैदानांत वस्ताद पैलवानांस समोरासमोर उभे करून, मान, खांदे, मांड्या न्याहाळून जोड लावतात, तें उगाच नव्हे.

आणि आतां मुख्य मेख. भिंतीशीं ठेविलेल्या त्या यंत्रास पायांचा जोर कळतो. देह मुळींच कळत नाहीं. पडद्यावरील डोंगर स्वारास किती मागें ओढील, हें तो स्वतः आपलें वजन किती म्हणून लिहून देतो त्यावर ठरतें. अष्टसिद्धींपैकीं लघिमा साधण्यास योग्यांनीं जन्म वेंचले. येथें ती एका आंकड्याच्या खाडाखोडीनें साधते.

आमच्या मुलास ती साधली होती. त्यानें ७२ चे ६८ लिहिले होते. भागाकार झाला ३.१८, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या उंबऱ्याअलीकडे दोन बोटें! वर्ग खालचाच राहिला आणि चढावर वेग वाढला. फ्रान्समधील आल्प द्युएझच्या वळणावळणांच्या घाटावरून बेतलेली एक चढण त्या मंचावर आहे, सुमारें बारा किलोमीटरांची. तीवर ह्या चार किलोंच्या असत्यानें तीन मिनिटांहून थोडा अधिक लाभ होतो. मीं गणित करून पाहिलें आहे.

हें मला कसें कळलें, तर नागपंचमीच्या दिवशीं. त्या दिवशीं शिराळ्यांत जन्मलेल्या मुलानें पुरणाचें दिंड नको म्हणावें, हें आमच्या घरांत कोणास आठवत नाहीं. त्यापूर्वीं महिनाभर तो भात सोडून होता, रात्रीं दुधाचा पेला तसाच परत येई, आणि सूनबाईंना वाटे अभ्यासाची काळजी असेल. मीं त्यास ओसरीवर बोलाविलें. आढेवेढे न घेतां त्यानें सर्व सांगितलें. "आजोबा, सगळेच थोडें कमी लिहितात. पण मला तें टोंचत होतें. म्हणून म्हटलें, आपण खरोखरच अडुसष्टांचे व्हावें, म्हणजे खोटें राहणार नाहीं."

मी क्षणभर निरुत्तर झालों. खोटें बोलणारास शिक्षा कशी करावी हें मास्तराला ठाऊक असतें. बोललेलें खोटें खरें करण्यासाठीं जो उपाशी राहतो, त्यास काय करावें?

मी त्यास पेठेंतल्या धान्याच्या दुकानांत नेलें आणि काट्यावर उभें केलें. साडेएकोणसत्तर भरले. घरीं येऊन त्यास तासभर सायकल मारावयास सांगितली. पडद्यावर सरासरी आली २०० वॅट. पाटीवर भागाकार त्यालाच करावयास लाविला. २.८८! महिनाभराच्या उपासानें छेद अडीच किलोंनीं घटला, आणि अंश सोळा वॅटांनीं. उपाशी देह आधीं स्नायूंतील साठविलेली साखर व तिच्याबरोबरचें पाणी टाकतो, मग स्नायूंनाच हात घालतो. शर्यतीसाठीं अन्न तोडणाऱ्या खेळाडूंचीं हाडें ठिसूळ होतात, मुलींची पाळी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनीं २०१४ साली ह्या विकारास स्वतंत्र नांव दिलें, तें उगाच नव्हे. ज्या घरांत मुलगे-मुली असे खेळ खेळतात, तेथील आयांनीं परत आलेल्या ताटाकडे लक्ष द्यावें.

वजन कमी करणें हेंच मुळीं पाप, असें माझें म्हणणें नाहीं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस कांस्यपदक जिंकले तें ५७ किलोंच्या गटांत. वजन त्यांनाहि सांभाळावें लागलेंच असेल. पण तेथें काटा परक्याच्या हातीं असतो. ऑस्बोर्नलाहि वल्हीं मारण्यापूर्वीं काट्यावर चढावें लागे. ह्या आभासी शर्यतींतहि वरच्या पायरीवर स्पर्धकाकडून काट्यावर उभें राहिल्याचें चित्रण मागवितात, आणि शक्तीची नोंद दोन निरनिराळ्या मापकांनीं घेतात. खालच्या पायरीवर, आमच्या कोठीच्या खोलींत, काटा ज्याचा त्याच्या हातीं.

मुलानें त्याच सायंकाळीं आंकडा बदलला. दिंडें दुसऱ्या दिवसापर्यंत ठेविलेलीं नव्हतीं. वहिनींनीं पुन्हां पुरण घातलें. त्यांनीं आंकड्याविषयीं एक अक्षर विचारलें नाहीं. खोलींत पंखा मात्र दुसरा लावून घेतला, कारण खोलींतल्या सायकलस्वारास वारा लागत नाहीं, हें त्यांनीं आम्हां सर्वांच्या आधीं ओळखलें होतें.

काल रात्रीं शर्यत झाली. वजन ७२, शक्ति २१० पर्यंत परत आलेली. घाम पुशीत तो स्वयंपाकघरांत आला आणि म्हणाला, "एकेचाळिसावा."

वहिनींनीं दुधाचा पेला पुढें सरकवीत विचारलें, "कितींत?"