नांदवण्याचा कायदा आणि निवडलेले घर

लिंगाधारित विषमतेविषयी मराठीत होणाऱ्या चर्चेत एक मत सभ्य शब्दांत आणि बहुधा सद्हेतूने मांडले जाते. स्त्रियांचा प्रश्न हुंड्याचा, मारहाणीचा, मजुरीचा, मालमत्तेचा, म्हणजे जगण्यामरण्याचा आहे. समलैंगिक आणि पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न आवडीनिवडीचा आणि खासगी आयुष्याचा आहे. तेव्हा दोहोंची सांगड घातली तर पहिल्याची धार बोथट होईल, असे ते मत. ते मांडणारे सगळेच सनातनी असतात असे नाही. १९९८ च्या डिसेंबरात दोन स्त्रियांमधले प्रेम दाखवणाऱ्या ‘फायर’ या चित्रपटाचे खेळ मुंबईत बंद पाडले गेले, तेव्हा ते बंद पाडण्याच्या विरोधात उतरलेल्यांमध्येही हा वाद निव्वळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा म्हणून लढवावा की समलैंगिक स्त्रियांच्या अस्तित्वाचा म्हणून, यावर मतभेद होतेच. प्रस्तुत लेखाचा पक्ष असा की, हे दोन प्रश्न वेगळे दिसतात ते चुकीच्या ठिकाणाहून पाहिल्यामुळे. ‘सज्ञान माणसाने कोणाच्या घरी आणि कोणासोबत राहावे हे ठरवणार कोण’ या ठिकाणी उभे राहिले की दोन्ही प्रश्नांचा प्रतिवादी एकच निघतो.

आधी दोन संज्ञा स्पष्ट केलेल्या बऱ्या. लिंगभाव म्हणजे शरीराच्या भेदावर समाजाने चढवलेली कामे, पेहराव, हक्क आणि बंधने यांची व्यवस्था. क्वीअर हा शब्द, ज्यांची लैंगिक ओढ किंवा स्वतःच्या लिंगाची जाणीव स्त्री-पुरुष विवाहाच्या ठरीव चौकटीत बसत नाही अशा सर्वांसाठी वापरला जातो. पण त्या चौकटीलाच ‘तू स्वाभाविक कशी?’ असे विचारणाऱ्या दृष्टीलाही तोच शब्द लागू होतो, आणि येथे तो मुख्यतः या दुसऱ्या अर्थाने अभिप्रेत आहे.

ही दृष्टी घेऊन रखमाबाईंच्या खटल्याकडे पाहावे. अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झालेल्या आणि नवऱ्याच्या घरी कधीच न नांदलेल्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात, पत्नीने आपल्या घरी यावे म्हणून, दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. अपिलानंतर प्रकरण फेरसुनावणीला आले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी एक तर नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि रखमाबाई पुढे वैद्यकशास्त्र शिकायला इंग्लंडला गेल्या. या खटल्याची आठवण बालविवाहविरोधाचा एक टप्पा म्हणून काढली जाते, आणि ते खरेच आहे. परंतु रखमाबाईंवर हात उगारला गेला, त्यांना उपाशी ठेवले गेले, अशी त्या दाव्यातली तक्रारच नव्हती. ‘मला या माणसाबरोबर राहायचे नाही’ एवढे एका सज्ञान स्त्रीचे म्हणणे होते आणि तेवढ्यासाठी तिला तुरुंग दाखवला गेला. आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून आज ज्याची बोळवण केली जाते, तो आधुनिक महाराष्ट्रातील स्त्रीप्रश्नाच्या या पहिल्या मोठ्या खटल्यात अगदी मध्यभागी उभा होता.

तो खटला इतिहासजमा झाला असे समजण्याचेही कारण नाही. नांदवण्याचा हा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये जसाच्या तसा उतरला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. चौधरी यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विवाहसंस्था टिकवण्याच्या नावाखाली ते वैध मानले. आता तुरुंग नाही, पण हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. मौज अशी की, हा दावा ना स्मृतींतला ना रूढीतला. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला, आणि इंग्लंडने तो १९७० च्या कायद्याने मोडीतही काढला. क्वीअर मागण्यांना परदेशी ठरवणाऱ्यांपैकी कोणी कलम ९ परदेशी म्हणून रद्द करा असे म्हटल्याचे ऐकिवात नाही.

बाईचे घर कोणते हे कायदा तिच्या मरणानंतरही ठरवतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तिला नवरा-मुले नसली, तर तिने स्वतः मिळवलेली मालमत्ताही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापांचा क्रम त्यानंतर. सर्वोच्च न्यायालयासमोर २००९ मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणात, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेल्या आणि सासरच्यांनी घराबाहेर काढलेल्या स्त्रीला माहेरच्यांनी शिकवले, तिने नोकरी करून पैसा जमवला, आणि ती गेल्यावर तो पैसा ज्यांनी तिला हाकलले त्याच सासरच्या वारसांना मिळाला, कारण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ चा क्रम तसा आहे आणि भावनेने तो बदलता येत नाही असे न्यायालयाला वाटले. न्यायालयाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावला असे म्हणता येणार नाही. दोष कायद्यातच आहे: त्याच्या लेखी बाई ज्या घरात दिली गेली त्या घरची, मग त्या घराने तिला ठेवो वा न ठेवो.

आता याच नियमाची दुसरी बाजू. दोन सज्ञान मुली एकत्र राहण्यासाठी घर सोडतात, तेव्हा घटनाक्रम बहुतेक ठरलेला असतो. घरचे हरवल्याची तक्रार देतात किंवा अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, पोलीस शोध घेतात, ठाण्यात नातेवाईक जमतात, समजूत घातली जाते, आणि पुष्कळदा मुलगी ‘स्वखुशीने’ घरी परतल्याची नोंद होते. एखादे प्रकरण बंदी प्रत्यक्षीकरणाच्या याचिकेपर्यंत पोहोचते. ही याचिका म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करण्याचा उपाय, आणि तोच उपाय मुलीला पुन्हा घरात आणण्यासाठी वापरला जातो. असे प्रकार इतके होत गेले की मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून द्यावी लागली: त्या व्यक्तीशी घरच्यांच्या गैरहजेरीत बोला, तिची इच्छा विचारा, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलू पाहू नका. रखमाबाईंना नवऱ्याच्या घरी पाठवू पाहणारा दावा आणि या मुलींना बापाच्या घरी परत आणणारी तक्रार यांत फरक आहे तो फक्त ताबा कोणाचा एवढाच. ताबा असावाच याविषयी दोन्हीकडे एकमत आहे.

पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याने तर कुटुंबाची व्याख्याच रक्त, विवाह किंवा दत्तकविधानाने जोडलेली माणसे अशी केली, आणि घरच्यांना सांभाळणे जमत नसेल तर न्यायालयाने त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात ठेवावे अशी तरतूद केली. म्हणजे जन्मघर, नाही तर सरकारी केंद्र. तिसरी जागा नाही. घरातून हाकललेल्या तृतीयपंथीयांनी गुरू आणि चेला या नात्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली, आजारपणात सांभाळणारी आणि मयतीला खांदा देणारी घरे या व्याख्येत बसत नाहीत. त्या घरांत पिळवणूकही असते, हे दडवण्यात अर्थ नाही. पण जन्मघरात ती होते म्हणून जन्मघराला कुटुंब म्हणायचे कोणी थांबवलेले नाही.

पूर्वपक्षाचा दुसरा आक्षेप असा की, हे सारे शहरी आणि उच्चभ्रू आहे. समलिंगी विवाहाच्या सुनावणीत २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही हाच शब्द वापरला होता. १९८७ मध्ये भोपाळजवळ एकमेकींशी लग्न केल्याबद्दल ज्या दोघींना नोकरीतून काढले गेले त्या सशस्त्र पोलीस दलातल्या शिपाई होत्या. त्यांना उच्चभ्रू म्हणायला बरेच धैर्य हवे. मराठीपुरते बोलायचे तर हा विषय उपराही नाही: र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकावर वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांपायी १९३४ मध्ये खटला झाला, त्या शंकांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, आणि कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. समलैंगिक नायिकेची कथा सांगणारे तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ चे.

परंतु या आक्षेपाचे खरे उत्तर आंबेडकरांच्याच त्याआधीच्या निबंधात आहे. जातींच्या उगमाविषयी कोलंबिया विद्यापीठात १९१६ मध्ये वाचलेल्या त्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे दाखवले, आणि हा विवाह टिकवायचा तर प्रत्येक गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते, नवरा किंवा बायको मेल्यावर ‘अतिरिक्त’ उरलेल्या माणसाची काही तरी सोय लावावी लागते, सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या त्या सोयीच होत, अशी मांडणी केली. हा युक्तिवाद एक पाऊल पुढे नेला की क्वीअर प्रश्न तिथेच सापडतो. जात चालायची तर प्रत्येक मुलीचे जातीतल्या कोणत्या तरी पुरुषाशी लग्न लागलेच पाहिजे. न करणारी, दुसऱ्या जातीत करणारी आणि बाईवर जीव जडलेली, या तिघीही त्या हिशेबातून निसटतात. म्हणूनच आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्यावर आणि घर सोडलेल्या दोन मुलींवर होणारे हल्ले एकसारखे असतात, आणि ते करणारे हातही घरचेच असतात. स्त्रीप्रश्न जातीपासून तोडता येत नाही हे दलित स्त्रीवादाने महाराष्ट्राला ठणकावून सांगितले. विवाहसक्तीपासूनही तो तोडता येत नाही, ही त्याच विचाराची पुढची पायरी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो स्त्री चळवळीच्या अनुभवातून आलेला आहे. बलात्काराचा कायदा लिंगनिरपेक्ष करा, म्हणजे आरोपी आणि पीडित यांपैकी कोणीही कोणत्याही लिंगाचे असू शकेल असा करा, ही सूचना विधी आयोगाने २००० मध्ये केली आणि फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात ती उतरलीही. स्त्री संघटनांनी तिला विरोध केला. तक्रार करणाऱ्या बाईवरच उलट बलात्काराची तक्रार दाखल होईल आणि ती माघार घेईल, ही त्यांची भीती होती. ती अवाजवी नव्हती: तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले होते, तेही तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून. जिथे बाईचे म्हणणे इतक्या सहज खोटे ठरते, तिथे कागदावरची समानता बलवानाच्याच कामी येते. हा आक्षेप येथे पूर्णपणे मान्य आहे.

क्वीअर मागण्या स्त्रियांच्या आड येतात, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मान्य नाही. आरोपी पुरुष आणि पीडित कोणीही व्यक्ती, असा मार्ग लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात सुधारणा सुचवण्यासाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्येच मसुद्यासह दाखवला होता, आणि त्याच अहवालात विवाहांतर्गत बलात्काराला दिलेली सूट काढून टाकण्याची शिफारसही होती. दोन्ही शिफारशी बाजूला पडल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पत्नीबाबतचा अपवाद कायम राहिला. उलट जुन्या भारतीय दंड संहितेचे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७, जे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर संमतीविरुद्धच्या कृत्यांपुरते उरले होते, ते संसदीय समितीने ठेवा म्हटले असूनही पूर्णपणे गळले. परिणामी अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही, आणि सज्ञान पुरुषावर केलेलीही नाही. पारलिंगी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्याने सहा महिने ते दोन वर्षे शिक्षा ठेवली, तर स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे. पत्नीला आणि क्वीअर माणसाला एकाच संहितेने दाराबाहेर ठेवले असताना, या दोघांचे प्रश्न एकमेकांच्या वाटेत येतात असे म्हणणे कायद्याचा मजकूर न वाचण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ तारखेला संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले आणि २७ तारखेला, पत्नीला नवऱ्याची मालमत्ता मानणारे व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले. दोन्ही निकालांचा पाया माणसाची स्वायत्तता आणि प्रतिष्ठा हाच होता.

येथवर स्त्रीवाद्यांशी वाद झाला. क्वीअर बाजूलाही एक गोष्ट सुनावणे आवश्यक आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे एकमुखाने आणि समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देता येत नाही असे तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले, तेव्हा विवाह मिळाला की न्याय मिळाला, असा सूर अनेकांच्या निराशेत होता. कलम ९ आणि कलम १५ ज्या विवाहाला चिकटलेले आहेत त्याच विवाहात प्रवेश मागायचा आणि त्या कलमांबद्दल गप्प राहायचे, ही मागणी अपुरी आहे. विवाहाचा हक्क नाकारणे अन्यायाचेच, यात शंका नाही. पण एकटी राहणारी बाई, एकमेकींचा आधार झालेल्या दोन विधवा किंवा गुरूच्या घरात वाढलेली तृतीयपंथी व्यक्ती यांना त्या हक्काने काही मिळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, घरच्यांच्या ताब्यातून एका तरुणीला मोकळे करताना, विवाह हा कुटुंब स्थापण्याचा एकमेव मार्ग नव्हे आणि निवडलेले कुटुंबही कुटुंबच आहे, असे स्पष्ट म्हटले. स्त्रीवादाने आणि क्वीअर विचाराने मिळून उभे राहावे अशी जागा ही आहे.

मंडन करायचे ते एवढेच, आणि ते कलमांच्या भाषेत करता येते. सज्ञान व्यक्तीला कोणत्याही घरात परत पाठवणारा दावा कायद्यात नसावा. मृत्युपत्र न करता मेलेल्या स्त्रीच्या कमाईवर, ज्यांनी तिला सांभाळले त्यांचा हक्क आधी असावा. रुग्णालयात सही कोणी करायची, मृतदेह कोणाच्या ताब्यात द्यायचा आणि भाडेकरार कोणाच्या नावे पुढे चालवायचा, हे त्या व्यक्तीने आधीच नोंदवलेल्या माणसावरून ठरावे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते आणि नामनिर्देशन यांना मनाई नसल्याचे जाहीर केले, म्हणजे प्रशासनाला हे जमत नाही असे नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मुलीला आईबापांविरुद्धही दाद मागू देतो. तो केवळ सासरच्या छळापुरता वापरण्याची सवय संरक्षण अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी सोडावी. महाराष्ट्रातील स्त्री संघटना येत्या अधिवेशनासाठी निवेदन तयार करतील तेव्हा त्यांनी विवाहांतर्गत बलात्काराच्या अपवादाखालीच पुरुष आणि पारलिंगी पीडितांचे वगळले जाणेही लिहावे, आणि क्वीअर संघटनांनी आपल्या निवेदनात विवाहाच्या मागणीच्या आधी कलम ९ रद्द करण्याची मागणी घालावी.